मानमोडीच्या वहीतलं शेवटचं नाव

डॉ. दामोदरराव हेडाऊ यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. गौरवग्रंथात असं लिहू नये, हे मला कळतं. पण समितीच्या मंडळींनी ‘खरी आठवण द्या’ असं सांगितलं आहे. शिवाय साहेबांच्या पंचाहत्तरीला काही खोटं लिहावं, तर ते स्वतः वाचून लाल शाईनं खोडतील. दवाखान्यात मी लिहिलेल्या चिठ्ठ्या ते आजही तशाच खोडतात.

आणीबाणी लागायच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मोहाडीपासून दोन कोसांवर आमचं गाव. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणत असू, अंथरुणाला खिळले होते. वडिलांनी त्यांना बैलगाडीत घालून साहेबांच्या मोहाडीच्या दवाखान्यात नेलं आणि चार पुड्या घेऊन परत आणलं. सुई टोचली नाही. आमच्याकडे तेव्हा सुई टोचली नाही म्हणजे डॉक्टरनं पाहिलंच नाही, असा समज. मी मॅट्रिक झालेला, बावीस वर्षांचा, रिकामा, आणि डोक्यानं गरम. दुसऱ्या दिवशी सायकल काढली, दवाखान्यात शिरलो आणि भर गर्दीत विचारलं, “आमच्या आबाजीले सुई काहून नाही टोचली? आमी खेड्यातले हाओत म्हनून?”

साहेबांनी चष्मा वर सरकवला. “आबाजी काल काय जेवले?”

मला सांगता येईना.

“परवा?”

तेही येईना. “मग सुईचं मागून बोलू,” ते म्हणाले. “आधी घरी जा, तुझ्या आईला विचार आणि मला येऊन सांग.”

घरी येऊन आईला विचारलं तर तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. मग नीट पाहिलं तेव्हा कळलं, आबाजी चार दिवसांपासून ताटातला भात खाटेखाली सारत होते आणि कुत्रं तो खात होतं. सात माणसांच्या घरात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब न बोलावता आमच्या दारात उभे राहिले. खाटेजवळ जमिनीवर बसले आणि अर्धा-पाऊण तास आबाजींना चमच्यानं पेज पाजत राहिले. आबाजी त्यानंतर दोन वर्षं जगले. निघताना साहेब मला म्हणाले, “तुला भांडता येतं. औषध मोजता येईल का?” असा मी त्यांचा कंपाउंडर झालो, तो आजतागायत.

फार म्हाताऱ्या माणसांकडे पाहण्याची साहेबांची रीतच वेगळी आहे. ते सांगतात, ऐंशीच्या पुढच्या माणसाला ताप चढेलच असं नाही. खोकलाही धड येत नाही. तो फक्त जेवण सोडतो, असंबद्ध बोलू लागतो आणि खाटेवरून उठत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. साहेबांना या दोन शब्दांचा भारी राग. एकदा एका बऱ्या घरच्या गृहस्थांनी आपल्या आईबद्दल असं म्हटलं, तेव्हा साहेबांनी त्यांना सर्वांसमोर विचारलं, “वय तर त्यांचं मागच्या महिन्यातही झालं होतं. तेव्हा त्या चालत होत्या ना? मग या महिन्यात काय झालं ते सांगा.” ते गृहस्थ बरेच दिवस रागावले होते. त्यांच्या आई मात्र बऱ्या झाल्या.

आता वहीबद्दल सांगितलं पाहिजे.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना जन्मतारीख ठाऊक नसते. वय विचारलं की कोणी साठ सांगतो, कोणी शंभर सांगून हसतो. साहेबांनी त्यावर आपली एक युक्ती काढली होती. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी फ्लूची जी मोठी साथ आली, तिला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. ज्यांनी ती पाहिली ते तिला विसरले नाहीत. साहेब पुरुषांना विचारीत, “मानमोडी आली तेव्हा तुम्ही नांगर धरत होता का?” बायकांना विचारीत, “तेव्हा तुमच्या मांडीवर लेकरू होतं का?” उत्तर ‘हो’ आलं की त्या माणसाचं नाव एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत जाई. तेव्हा कर्ता असलेला माणूस आता ऐंशीला टेकलेला किंवा त्यापुढे गेलेला असणार, हा त्यामागचा हिशेब. दवाखान्यात आम्ही तिला मानमोडीची वही म्हणू लागलो. दर पावसाळा सरला की साहेब त्या वहीतल्या प्रत्येकाच्या घरी जात. अंथरूण कुठे आहे, वारा कुठून येतो, घरात कोण खोकतं आहे, हे पाहत. खोकणाऱ्या नातवाला आजीच्या कुशीत झोपू देऊ नका, हे सांगताना सुनांचे चेहरे पडत, पण साहेब सांगत.

या वहीपायी त्यांनी एक असं काम केलं, जे तेव्हा मोहाडीत कोणी ऐकलंही नव्हतं. त्यांचे एक वर्गमित्र दक्षिणेत लस बनवणाऱ्या एका संस्थेत होते. त्यांच्याशी वर्षभर पत्रव्यवहार करून साहेबांनी फ्लूची लस मागवली. तीन कुप्या, एकीत दहा जणांपुरती. वहीत तेव्हा नावं होती एकतीस. एक आजी तुमसरला लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हा मेळ बसला. माझी आजी त्या यादीत नव्हती, कारण मानमोडीच्या वेळी ती परकर नेसत होती. मी एकदा विषय काढून पाहिला. साहेबांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. मी परत काढला नाही.

आता जे लिहितो आहे ते लिहायची साहेबांनी मला दहा वर्षांपासून मनाई केली आहे.

कुप्या नागपूरहून भंडाऱ्याच्या एका औषध दुकानात आल्या. तिथं फ्रिज होता. तिथून मोहाडीला आणायचं काम माझं. साहेबांनी पत्र्याचा डबा दिला, बर्फाच्या कारखान्यातून बर्फ घ्यायला सांगितलं आणि बजावलं, “थंड राहिली पाहिजे.” दिवाळीच्या आधीचे दिवस, ऊन कडक. वरठीला रेल्वे फाटकाजवळ एसटी बंद पडली. दोन तास झाले तरी दुसरी गाडी येईना. डब्यातून पाणी गळू लागलं. तीस म्हाताऱ्यांची लस माझ्या मांडीवर वितळते आहे, असं मला दिसू लागलं. स्टेशनच्या बाजूला एक कुल्फीवाला उभा होता. त्याच्याकडून बर्फ मागितला. त्यानं दिला, आणि वर म्हणाला, “इसमें नमक डालो भैया, नहीं तो मोहाडी तक पानी ले के जाओगे. मेरी कुल्फी शाम तक इसी से जमी रहती है.” त्यानंच खड्याचं मीठ मूठभर दिलं. ते मी आनंदानं डब्यात टाकलं. थंड चांगलं, तर जास्त थंड जास्त चांगलं, एवढीच माझी अक्कल.

दवाखान्यात पोचलो तेव्हा साहेब एका बाळंतिणीकडे गेलेले. डबा उघडला तर कुप्या आतून पांढऱ्या झालेल्या, दगडासारख्या. त्या मी तळहातात धरून बसलो. हळूहळू पाणी झालं. तळाशी जरा कण दिसले, हलवले तर मिसळून गेले. साहेब आले, विचारलं, “बर्फ टिकला?” मी म्हणालो, “टिकला, साहेब.” ते खूश झाले. तसे खूश झालेले मी त्यांना क्वचितच पाहिले आहेत. दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरोघर जाऊन तीस जणांना सुया दिल्या.

नऊ दिवसांनी रिकामी खोकी आवरताना आतला छापील कागद माझ्या हाती आला. इंग्रजी मला अडखळत येतं. तरी एक ओळ जाड अक्षरात होती, ती मी तीनदा वाचली. लस गोठवू नये, गोठल्यास वापरू नये. तो कागद मी घडी करून खिशात ठेवला आणि चार दिवस तसाच घेऊन हिंडलो. जेवण जाईना. नोकरी जाईल याची भीती होती, आणि माणसांना अपाय झाला असेल तर काय, याची त्याहून जास्त. पाचव्या दिवशी सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधी मी कागद साहेबांपुढे ठेवला आणि मिठासकट सगळं सांगितलं.

साहेबांनी विचारलं, “किती वेळ गोठलेली होती?”

“वरठीपासून, साहेब.”

त्यांनी कागद वाचला आणि घडी करून खणात ठेवला. मग म्हणाले, “अपाय होणार नाही. पण उपयोगही होणार नाही. बाहेर लिही, आज दवाखाना बंद.” आणि त्यांनी सायकल काढली.

तीन दिवस आम्ही तीस घरं फिरलो. पहिल्याच घरी मी तोंड उघडलं, तसे ते मला म्हणाले, “केशव, तू सायकली धर.” आणि आत जाऊन त्यांनी हात जोडले. “माझ्याकडून लस खराब झाली. तुम्हाला सुई लागली आहे असं समजू नका. थंडीत सांभाळून राहा. जेवण सुटलं तर त्याच दिवशी मला बोलवा.” प्रत्येक घरी हेच, याच शब्दांत. मी त्यांना वाटेत विचारलं, “साहेब, तुमी असं कायले सांगता? चूक तर माझी आहे.” ते सायकल चालवता चालवताच बोलले. “तुझं नाव घेतलं तर उद्यापासून तुझ्या हातची गोळी कोणी घेणार नाही. माझं घेतलं तर चार दिवस बोलतील आणि ताप आला की येतील. हे तू कुठे बोलायचं नाही.” मी मान डोलावली. खरं सांगतो, मला तेव्हा बरंच वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मागून आली.

सगुणाबाईंच्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. या बाईंचा नवरा आणि दोन लेकरं मानमोडीत एका आठवड्यात गेली होती. नव्वदीच्या आसपास असाव्यात. साहेबांना त्या बापू म्हणत. साहेबांचं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “बापू, मानमोडीत आमच्या दारात कोनी डाक्टर आला नाही. तू दोनदा आलास. एकदा सुई द्याले, अन एकदा सुई वाया गेली म्हनून सांगाले. मले दोन्ही पावलं.” मग त्यांची नजर दारात सायकली धरून उभ्या असलेल्या माझ्यावर गेली. “तुया कंपोंडरचं तोंड काहून उतरलं?”

“उपाशी आहे तो,” साहेब म्हणाले.

त्यांनी मला आत बोलावून भात आणि लाखोरीची डाळ वाढली आणि समोर बसून राहिल्या. त्या बाईंना सगळं कळलं होतं असं मला वाटतं. ते जेवण मी कसं संपवलं ते माझं मला माहीत.

त्या हिवाळ्यात साहेब आठवड्याला एकदा, काही घरी दोनदा जात राहिले. लस वाया गेली ती पायांनी भरून काढायची, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. वहीतली बरीच माणसं थंडीतून सुखरूप निघाली. पण पौषात वहीतलेच डोमाजी गेले. छाती भरली, तीन दिवसांत संपलं. साहेब तिन्ही दिवस त्यांच्या उशाशी होते.

तेरवीनंतरच्या आठवडी बाजारात डोमाजींचे चिरंजीव पांडुरंगजी आम्हांला भेटले. साहेबांच्या हातात पिशवी, मी वांगी निवडत होतो. पांडुरंगजी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलले, “यानं माया बापाले बेकार सुई टोचली. थे खराब व्हती हे याले मालूम व्हतं.” लोक थांबले. साहेबांनी पिशवी खाली ठेवली. “सुई खराब होती हे खरं आहे,” ते म्हणाले. “मला मागून कळलं हेही खरं आहे. तुमचा बाप गेला, पांडुरंगजी. तुम्ही बोला, मी ऐकतो.” आणि खरोखरच ते मान खाली घालून, पांडुरंगजींचं बोलून संपेपर्यंत तिथे उभे राहिले.

तेव्हा मी पुढे व्हायला पाहिजे होतं. मी झालो नाही. हातात वांगं धरून उभा राहिलो.

दवाखान्यात परतल्यावर मी रडलो आणि पांडुरंगजींना खरं सांगून येतो म्हणालो. साहेब म्हणाले, “तुझ्या सांगण्यानं डोमाजी परत येत नाहीत. आणि लस चांगली असती तर ते वाचलेच असते, असंही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. तू आता एवढंच कर, पुढच्या वर्षी लस नीट आण.”

पुढच्या वर्षी लस आणायला मलाच पाठवतील, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी म्हणालो, “दुसऱ्या कोणाले पाठवा, साहेब.” ते म्हणाले, “दुसऱ्याला ती चूक अजून करायची आहे. तुझी करून झाली.” त्या वर्षी मी धानाच्या भुशानं डबा भरला, बर्फ वेगळ्या पिशवीत ठेवला, कुप्या फडक्यात गुंडाळून मधे ठेवल्या आणि दर अर्ध्या तासानं हात घालून पाहिलं. त्या वर्षी सुई घ्यायला पांडुरंगजी आपल्या आईला खांद्याला धरून स्वतः घेऊन आले. साहेबांनी आईला विचारलं, “काल काय जेवलात?” मागच्या गोष्टीचा एक शब्दही दोघांनी काढला नाही.

तेव्हापासून काही वर्षी लस मिळाली, काही वर्षी नाही. वहीतली जुनी नावं एकेक करून कमी झाली. सगुणाबाई गेल्या त्या झोपेत गेल्या, फ्लूनं नाही. मग साहेबांनी नियम सैल केला. ज्याला मानमोडी नुसती आठवते, तोही वहीत. माझी आजी त्याच नियमानं आली. पण तीस जणांच्या लशीत एखादी जागा उरली, की साहेब मला म्हणत, “अजून कोणी राहिलं का बघ.” कोणी ना कोणी सापडेच. मी एकदा म्हटलं, “साहेब, तुम्हीच घ्या.” ते म्हणाले, “मी फार लहान होतो. मला मानमोडी आठवत नाही.”

हे खोटं आहे. माझी चूक स्वतःवर घेतली ते सोडलं, तर आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकच खोटं. एका पावसाळी दुपारी पेशंट नव्हते तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं की, ते सहा वर्षांचे असताना कोष्टीपुऱ्यात एका सकाळी सगळे माग बंद पडले. आवाज का येत नाही म्हणून ते उठून बाहेर आले, तेव्हा घरात आई उठली नव्हती. वडिलांनी मागावर अर्धं राहिलेलं लुगडं कापून तिच्या अंगावर घातलं. इतकं ज्याला आठवतं, त्यानं मला आठवत नाही म्हणावं, आणि तेही दुसऱ्याची जागा राहावी म्हणून.

पांडुरंगजी आज या ग्रंथाच्या समितीवर आहेत, आणि लेख तपासायचं काम त्यांच्याकडे आहे. म्हणजे हे सगळ्यांत आधी तेच वाचतील. पांडुरंगजी, डब्यात मीठ मी टाकलं होतं. डॉक्टरसाहेबांनी नाही. त्या दिवशी बाजारात तुम्ही जे बोललात ते मला उद्देशून असायला हवं होतं. दहा वर्षं उशीर झाला, तरी आता बोला, मी ऐकतो. हा मजकूर कापू मात्र नका. या तालुक्यात अजूनही लोक ‘डाक्टरच्या हातून एकदा सुई बिघडली’ असं म्हणतात, आणि ते बोलणं मला आणखी एक हिवाळाही सहन होणार नाही.

साहेबांची आज्ञा मोडल्याबद्दल मी त्यांची हात जोडून माफी मागतो. दुसरी आज्ञाही मोडली आहे, तीही सांगून टाकतो. यंदा लस आली आहे. वहीत या वर्षी एकोणतीस नावं भरली. तिसावं नाव मी माझ्या हातानं लिहिलं, डॉ. दामोदरराव हेडाऊ, वय पंचाहत्तर, मानमोडी आठवते. लाल शाईची दौत मी लपवून ठेवली आहे. मोहाडीच्या तमाम मंडळींना माझी विनंती आहे की, सत्काराच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन झालं की त्यांना व्यासपीठावरून उतरू देऊ नका. त्यांनी आमच्या म्हाताऱ्यांना हिवाळ्यामागून हिवाळे काढून दिले. यापुढचे सगळे हिवाळे त्यांनी धडधाकट काढावेत, आमच्या नातवंडांनाही ‘काल काय जेवलात’ म्हणून दरडावावं, आणि पंचवीस वर्षांनी शंभरीच्या ग्रंथात मला पुन्हा लिहायला लावावं, एवढंच मागणं आहे.

साहेब, सदऱ्याची बाही वर करा. लस मीच आणली आहे. भुशातून आणली आहे, आणि दर अर्ध्या तासानं हात घालून पाहिलं आहे.